उत्तरभाग आणि उत्तर : ‘एबीसीडी २’ ह्या नृत्यपटाच्या निमित्ताने

‘उत्तर’ हा शब्द मराठीत, दिशेचा अर्थ बाजूस ठेविला तर, दोन अर्थांनी चालतो. जे मागाहून येते ते उत्तर : उत्तरार्ध, उत्तररात्र, उत्तरकांड. आणि प्रश्नास जे मिळावयाचे तेही उत्तरच. दोन्ही अर्थ संस्कृतातून आलेले असून त्यांचे नाते केवळ योगायोगाचे नाही. उत्तर नेहमी मागाहूनच येते. मात्र मागाहून येणारी प्रत्येक गोष्ट उत्तर ठरतेच असे नाही. एखाद्या कलाकृतीचा उत्तरभाग निघतो तेव्हा तो कोणत्या अर्थाने ‘उत्तर’ आहे हे पाहणे, हे समीक्षेचे पहिले काम होय. हिंदी चित्रपटसृष्टीने ह्या प्रश्नातून सुटण्याची एक सोपी युक्ती काढली आहे. ती उत्तरभागास नाव देत नाही, आकडा देते. आकडा क्रमापलीकडे काहीच सांगत नाही. ‘दोन’ ह्याचा अर्थ एवढाच की पूर्वी ‘एक’ होऊन गेला आणि तो चालला.

रेमो डिसूझा ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘एबीसीडी’ हा नृत्यपट ८ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रदर्शित झाला आणि ‘एबीसीडी २’ हा १९ जून २०१५ रोजी. दुसऱ्याने भारतात शंभर कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळविले. तेव्हा धंद्याच्या दृष्टीने त्यास अपयशी म्हणता येणार नाही. तरीही पहिला चित्रपट ज्यांना मनापासून आवडला होता, त्यांतील पुष्कळांची दुसऱ्याने निराशा केली. ती निराशा कशाची होती, ह्याचा नीट उलगडा झालेला मला दिसत नाही. ‘तेच ते पुन्हा दाखविले’ हा सर्वसाधारण आक्षेप होता. माझ्या मते तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत राहून नृत्य पाहणाऱ्यास तर तो अधिकच अपुरा वाटावा.

नृत्यपटाचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर पहिल्या चित्रपटातच आहे. त्यातील सर्वांत गाजलेल्या गीताचे नाव ‘बेजुबान’. जीभ नसलेला, ज्याला वाणी नाही तो, असा त्याचा अर्थ. ज्यांना बोलावयास कोणी जागा देत नाही त्यांची वाणी म्हणजे नृत्य, असा दावा त्या चित्रपटाने उघडपणे केला होता. आणि वाणीचा दावा कोणी केला की भाषाविज्ञानास बोलावणे आलेच.

पहिल्या चित्रपटाचे कथानक साधे, किंबहुना ढोबळ आहे. विष्णू (प्रभुदेवा) हा नृत्यशिक्षक जहांगीर खान (के के मेनन) ह्याच्या श्रीमंत नृत्यसंस्थेतून बाहेर पडतो, गोपी ह्या मित्राच्या (गणेश आचार्य) आश्रयास मुंबईच्या एका वस्तीत येतो आणि तेथील मुले गणेशोत्सवात नाचताना पाहतो. एकमेकांशी वैर असलेल्या त्या मुलांचा तो एक चमू बांधतो. व्यसनात बुडालेला चंदू (पुनीत पाठक) त्यांत असतो आणि अंतिम स्पर्धेपूर्वी अपघातात मरतो. स्पर्धेच्या रंगमंचामागे उभे असताना ह्या मुलांना दिसते की त्यांनी महिनोन्‌महिने घोटलेली नृत्यरचना प्रतिस्पर्धी संस्थेने चोरली असून तीच त्यांच्या डोळ्यांदेखत सादर होत आहे. आता काय नाचावयाचे? ती मुले जे प्रथम नाचत होती तेच नाचतात : गणपतीपुढचे नाच. रचना चोरता येते. विसर्जनाच्या मिरवणुकीत वाढलेले अंग चोरता येत नाही. ‘एबीसीडी’ ह्या चित्रपटास जो काही अर्थ आहे तो ह्या एका प्रसंगात साठला आहे, आणि त्याची बाकीची भडकता, त्रिमितीची हौस, रडविण्याची घाई हे सारे प्रेक्षकाने ह्याच प्रसंगाखातर पोटात घातले.

आता दुसरा चित्रपट कोठे सुरू होतो ते पाहावे. मुंबईतील एक चमू दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत नाचतो आणि त्याच्यावर आरोप येतो की त्याने फिलिपीन्समधील एका चमूची नृत्यरचना जशीच्या तशी उचलली. चमू बाद होतो. रस्त्याने जाताना लोक ह्या मुलांना चोर म्हणून हिणवतात. सुरू (वरुण धवन), विनी (श्रद्धा कपूर) आणि त्यांचे सोबती पुन्हा उभे राहू पाहतात, विष्णू नावाच्या मद्यासक्त नर्तकास गुरू करतात आणि लास व्हेगास येथील जागतिक हिप-हॉप स्पर्धेस जातात.

पहिल्या चित्रपटात नायकांचे नृत्य चोरीस जाते. दुसऱ्यात नायकच चोर ठरतात. योजून केले असो वा नसो, दिग्दर्शकाच्या हाती उत्तरभागासाठी ह्याहून समर्पक प्रारंभ येणे शक्य नव्हते. पहिल्याने विचारले होते : आपले नृत्य दुसऱ्याने घेतले तर आपल्यापाशी काय उरते? दुसऱ्याने त्याची उलट बाजू धरून विचारावयास हवे होते : दुसऱ्याचे नृत्य आपण घेतले तर ते आपले केव्हा होते? होते की नाही? आणि ह्या प्रश्नास वास्तवाचा आधारही होता. हा चित्रपट सुरेश मुकुंद व व्हर्नन मॉन्टेरो ह्यांच्या चमूच्या वाटचालीवर बेतलेला आहे, हे सर्वश्रुत आहे. वसई-नालासोपारा ह्या मुंबईबाहेरच्या लोकलगाडीच्या पट्ट्यातून ही मुले आली. तेथल्या मुलांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७०च्या दशकात जन्मलेले नृत्य शिकावे कोणाकडून? पाहूनच शिकणार. नक्कल हीच त्यांची शाळा. तेव्हा चोरीचा आरोप हा ह्या कथेतील एक अडथळा नव्हता. ती कथाच होती.

चित्रपटाने ह्या प्रश्नाचे काय केले? सोडून दिला. आरोपानंतर मुले अपमानित होतात, घाम गाळतात, जिद्द धरतात. परंतु त्यांनी खरोखर काय घेतले होते, का घेतले होते, आणि पुढे ती जे नाचतात ते आधीपेक्षा अधिक ‘आपले’ कशामुळे, ह्यावर कोणी अवाक्षर काढीत नाही. त्याऐवजी गुरूचे पैसे घेऊन नाहीसे होणे, त्याचे परदेशातील तुटलेले कुटुंब, विनीचा दुखावलेला पाय, तिच्या जागी आलेली ऑलिव्ह (लॉरेन गॉटलिब) आणि त्यातून उद्भवणारा हलकासा मत्सर, असे एकामागून एक प्रसंग येतात आणि सुटतात. अखेरीस राष्ट्रध्वजाचे रंग आणि देशभक्तीचे गीत येते. चोरीच्या आरोपास देशभक्ती हे उत्तर होऊ शकत नाही. तो निराळ्याच प्रश्नाचा जबाब आहे, आणि तो प्रश्न कोणी विचारलेला नव्हता.

येथे थोडे भाषेकडे वळले पाहिजे, कारण उसनवारीचा हा प्रश्न भाषांनी शेकडो वर्षांपूर्वी सोडविला आहे. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज. मराठीने तो उचलला तेव्हा तो तसाच ठेवला नाही. त्यास आकारान्त पुल्लिंगी नामांच्या रांगेत बसविले, ‘घोडा-घोड्याचा’ तसे ‘बटाटा-बटाट्याचा’ असे सामान्यरूप दिले, आणि वडा, भाजी, रस्सा ह्यांच्या संगतीस नेऊन सोडले. आज त्यास कोणी चोरीचा माल म्हणत नाही. शब्द आपला होतो तो त्याच्या मूळ उच्चारामुळे नव्हे, आपले प्रत्यय त्यास लागल्यामुळे. ह्याच न्यायाने आपल्या दोन जिल्ह्यांत ‘डान्स’ ह्या शब्दाची गती पाहण्यासारखी आहे. पुण्याकडील मनुष्य ‘डान्सला गेलो’ म्हणतो. येथला ‘डान्सले गेलो’ म्हणतो. ‘मले’, ‘तुले’ ह्यांना लागणारा तोच ‘ले’ ह्या परक्या शब्दास लागला की तो वऱ्हाडी-झाडी बोलींच्या घरचा झाला. शब्दाची चाल बदलली, मग अंगाची का बदलू नये? अमेरिकेतील हिप-हॉप नर्तकांच्या परिभाषेतही हा विवेक आहे. दुसऱ्याची चाल तशीच उचलणे ह्यास ते ‘चावणे’ अशा अर्थाच्या शब्दाने हिणवतात; पण समोरच्याच्या चालीवर आपली चाल चढवून टाकणे हा तर त्यांच्या द्वंद्वाचा गाभा आहे. आपल्या कलगी-तुऱ्यातील सवाल-जवाब ज्याने ऐकले आहेत त्यास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. प्रतिस्पर्ध्याचेच शब्द घेऊन त्याला जबाब देणाऱ्या शाहिरास कोणी वाङ्मयचोर म्हणत नाही.

‘एबीसीडी २’ मधील मुलांनी उचललेल्या नृत्यास नालासोपाऱ्याचा प्रत्यय कसा लागला, एवढे एक दाखविले असते तर चित्रपट तरला असता. परंतु पडद्यावर दिसते ते असे की चमू जसजसा सुधारतो तसतसा तो अधिकाधिक कोठल्याही चमूसारखा दिसू लागतो. कौशल्य वाढते, ओळख पुसट होते. बोलीने शुद्ध होण्याच्या हव्यासात प्रमाणभाषेची वस्त्रे ल्यावीत आणि मग तिच्यात बोलण्यासारखे काही उरू नये, तसा हा प्रकार आहे.

पुनरावृत्तीच्या आक्षेपाकडे आता परत यावयास हरकत नाही. भामरागड, एटापल्लीकडील माडिया व गोंड लोकांचे रेला नृत्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की हातात हात गुंफलेली ती रांग एकच पदन्यास दीर्घ काळ पुन्हापुन्हा करते. पाहुण्यास तो कंटाळवाणा वाटेल. रांगेत असलेल्यास वाटत नाही. झाडीपट्टीतील दंडार घ्या, अथवा वडसा (देसाईगंज) येथून दिवाळीनंतर गावोगाव निघणाऱ्या नाटक मंडळ्या घ्या. तेच नाटक, तीच पात्रे, मंडईच्या दिवसांत आज ह्या गावी, उद्या त्या गावी, रात्र सरेपर्यंत. पुनरावृत्ती हा दोष असता तर आपल्या प्रदेशाची सारी नृत्यनाट्यपरंपरा दोषास्पद ठरली असती. दोष तो नव्हे. रेलाची रांग ज्यांच्यासाठी नाचते ते त्या रांगेतच उभे असतात किंवा तिच्या भोवती. दंडार ज्या गावी होते त्या गावास उद्देशून होते.

रोमान याकोबसन ह्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुपरिचित निबंधात संज्ञापनाचे जे घटक सांगितले त्यांत बोलणाऱ्याइतकेच महत्त्व ज्याला उद्देशून बोलावयाचे त्याला दिले आहे. तो बदलला की शब्द तेच राहूनही उक्ती बदलते. ‘एबीसीडी’तील मुले अखेरीस गणपतीपुढे नाचतात. रंगमंच स्पर्धेचाच असतो, परीक्षकही समोर बसलेले असतात, पण नृत्य त्यांना उद्देशून राहत नाही. ते मृत चंदूस, वस्तीस आणि देवास उद्देशून होते. ‘एबीसीडी २’ मध्ये प्रत्येक नृत्य कोणाला उद्देशून आहे? परीक्षकांना. कधी कॅमेऱ्यास. एकच अपवाद नोंदविला पाहिजे : ‘चुनर’ हे मातेच्या स्मरणाचे गीत. तेवढ्या काही मिनिटांत हालचालींची संख्या घटते, वेग उतरतो आणि नर्तक पुन्हा कुणाशी तरी बोलत आहे असे वाटू लागते. ह्या चित्रपटाची तांत्रिक बाजू, म्हणजे प्रकाश, समूहरचनेची सफाई आणि शरीरांची तयारी, पहिल्यापेक्षा सरस आहे, हेही प्रांजळपणे मान्य करावयास हवे. वरुण धवन ह्यांनी घेतलेले श्रम दिसतात. कदाचित फारच दिसतात.

संस्कृत शास्त्रकारांच्या परिभाषेत हे अधिक नेमके मांडता येते. धनंजयाने ‘दशरूपका’त ताल-लयीवर आधारलेले ते नृत्त आणि भावावर आधारलेले ते नृत्य असा भेद केला. एवढ्यावरून नृत्त हलके ठरत नाही. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त ऋषी विचारतात की ज्याला अर्थाची अपेक्षा नाही अशा नृत्ताचे प्रयोजन काय, आणि भरताचे म्हणणे असे की ते शोभेसाठी आहे, आणि लोकांना ते स्वभावतःच प्रिय असून विवाहादी मंगल प्रसंगी ते चालते. सुंदर नृत्तावर चित्रपट उभा करावयाचा असता तर कोणाची तक्रार नव्हती. पण ‘एबीसीडी २’ नृत्त दाखवितो आणि भावाचे श्रेय मागतो. भाव पुरविण्याचे काम त्यामुळे संवादांवर पडते आणि ते संवाद घोषणांच्या पलीकडे क्वचितच जातात. ज्या कथेचे गृहीतक असे की ह्या मुलांना जीभ नाही, तिच्यात सर्वांनी इतके बोलावे ही मौजच आहे.

उत्तरभाग कसा असावा ह्याचा दाखला दूर शोधावयास नको. भवभूतीने आपल्या पूर्वजांचे स्थान म्हणून ज्या पद्मपुराचा उल्लेख केला ते म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांचे मत होते. ते ग्राह्य धरले तर झाडीपट्टीच्या ह्या भूमीशी नाते असलेल्या कवीनेच ‘महावीरचरित’ ह्या आपल्या नाटकाचा उत्तरभाग लिहिला, आणि त्याच्या नावातच ‘उत्तर’ घातले. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकातील चित्रदर्शनाचा प्रसंग विद्यार्थ्यांनी ह्या दृष्टीने पुन्हा वाचावा. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहत आहेत. पूर्वभाग अक्षरशः भिंतीवर रंगविलेला आहे. ती चित्रे पाहून सीतेस पुन्हा वनात जावेसे वाटते. आणि लगोलग लोकापवादाची वार्ता येते तेव्हा तिची तीच हौस तिच्या त्यागाचे निमित्त होते. पूर्वकथेची आठवण ही येथे शोभेची वस्तू नाही. तीच नव्या दुःखाचे कारण बनते. सातव्या अंकात तर हीच कथा रामापुढे नाटक म्हणून सादर होते आणि ज्या लोकांनी अपवाद उठविला त्यांनाच ती पाहावी लागते. ह्यास उत्तर म्हणतात.

भवभूतीशी रेमो डिसूझा ह्यांची तुलना करणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. तुलना प्रतिभेची नाही, पूर्वभागाशी वागण्याच्या रीतीची आहे. ‘एबीसीडी २’ मध्ये प्रभुदेवा पुन्हा ‘विष्णू’च आहेत, पण हा विष्णू तो नव्हे. त्यास वस्ती आठवत नाही, गोपी आठवत नाही. पुनीत पाठक पुन्हा आहेत, मात्र आता विनोद ह्या नावाने. ज्याच्या मृत्यूवर पहिल्या चित्रपटाचा शेवट उभा होता तोच चेहरा येथे हसतखेळत नाचतो आणि कोणालाही काही आठवत नाही. नटांनी नव्या भूमिका घेण्यास हरकत नाही. मंडळीचे नट रोज नवे सोंग घेतातच. पण मग आकडा कशासाठी? पूर्वभागाचे यश हवे आणि स्मृती नको, असा हा व्यवहार दिसतो. भिंतीवरची चित्रे पुसून भिंत तेवढी भाड्याने घेतली आहे.

ही चर्चा आपल्या परिसरातून करण्यास आणखी एक कारण आहे. झाडीपट्टीत नाटकाच्या जोडीने ‘हंगामा’ ह्या नावाचा नृत्यप्रधान कार्यक्रम रुजला आहे, आणि त्याविषयी जाणकारांत बरीच नाराजी आहे. (‘हंगाम’ आणि ‘हंगामा’ हे दोन्ही शब्द एकाच फारसी मुळाचे, एकाचा अर्थ समय आणि दुसऱ्याचा गलबला, झाडीपट्टीचा हंगाम आणि हंगामा एकाच मोसमात यावेत, ही भाषेची थट्टा म्हणावी.) चित्रपटातील नृत्ये हुबेहूब उचलून येथे आणली जातात म्हणून ती परकी, असे नाराजीचे एक कारण सांगितले जाते. वर केलेले विवेचन बरोबर असेल तर हे कारण टिकत नाही. उचलणे हा गुन्हा नव्हे. झाडीपट्टीच्या रंगभूमीने संगीत नाटक बाहेरूनच घेतले आणि ते असे पचविले की परशुराम खुणे ह्यांच्यासारख्या गडचिरोलीच्या नटाची दखल २०२३ मध्ये पद्मश्रीने घेतली गेली. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहून नाच शिकणारा धानोऱ्याचा किंवा सिंदेवाहीचा मुलगा आणि नालासोपाऱ्याचा मुलगा ह्यांची स्थिती मुळात एकच आहे. ‘ह्यात तुझे काय?’ हा प्रश्न दोघांनाही विचारला जातो, पुष्कळदा तुच्छतेने. म्हणूनच शंभर कोटींच्या एका चित्रपटाने तो प्रश्न हाती घ्यावा आणि वाटेत टाकून द्यावा, ह्याची खंत वाटते. ह्या मुलांच्या वतीने उत्तर देण्याची अशी संधी वारंवार येत नाही.

ज्यांच्या वाटचालीवर चित्रपट बेतला त्यांनी मात्र आपले उत्तर पडद्याबाहेर दिले. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, २०१५ मध्ये, सॅन डिएगो येथील जागतिक हिप-हॉप स्पर्धेत त्यांच्या चमूने कांस्यपदक मिळविले आणि २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही अमेरिकन दूरचित्रवाणीवरील स्पर्धा जिंकली.

चित्रपटमालिकेचे पुढे काय झाले? २४ जानेवारी २०२० रोजी ‘स्ट्रीट डान्सर थ्रीडी’ आला. दिग्दर्शक तेच, प्रमुख नटही बरेचसे तेच. जुने नाव मात्र गळाले आणि मुंबईच्या जागी लंडन आले. पहिल्या चित्रपटातील गीत ‘बेजुबान’, दुसऱ्यातील ‘बेजुबान फिर से’, तिसऱ्यातील ‘बेजुबान कब से’. पहिले नाव विशेषण आहे, दुसरे क्रियाविशेषण जोडून केलेली पुनरुक्ती, तिसरे प्रश्न. ज्यांना वाणी मिळाली असे पहिल्याने सांगितले, ते पुन्हा आणि पुन्हा मुके कसे होतात, हे कोणी विचारले नसावे. तिसरा चित्रपट एकंदरीत दुसऱ्याहून बरा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्यात एक जागा आहे. ‘मुकाबला’ हे १९९४ मधील तमिळ ‘कादलन’ चित्रपटातील ए. आर. रहमान ह्यांचे गीत नव्या साजात वाजते आणि प्रभुदेवा, ज्यांनी ते एकविसाव्या वर्षी नाचून गाजविले होते, ते सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा त्यावर उभे राहतात. चाली ओळखीच्या आहेत. अंग आता त्या निराळ्या रीतीने उच्चारते. काही ठिकाणी पूर्वीचा झटका ते मुद्दाम अर्ध्यावर सोडतात आणि उरलेला भाग प्रेक्षकाच्या स्मृतीवर सोपवितात. त्या वेळी रंगमंचावरील तरुण नर्तक मागे सरकून नुसते पाहत असल्यासारखे वाटतात.